बिनदाराची गाडी

२ ऑगस्ट, शनिवार

गाडी घेतली. आधी एवढं लिहून टाकतो, म्हणजे उद्या माघार घ्यायची सोय राहणार नाही.

ग्रीन्सबरोजवळच्या एका रिटायर्ड डेंटिस्टने सुटे भाग मागवून आपल्या कोठारात जोडलेली ही गाडी. माणसं दोन बसणार. दार नाही, छप्पर नाही, रेडिओ नाही, आणि समोरची काच असून नसल्यासारखी. बॉनेट पांढऱ्या फायबरग्लासचं. वजन आमच्या एसयूव्हीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. आत बसायला एक पाय आधी टाकावा लागतो, मग दुसरा, मग देवाचं नाव घेऊन खाली घसरायचं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी तिच्यात बसलो आणि मला परत बाहेर यावंसंच वाटेना. यातला थोडा भाग कंबरेचा होता, पण बराचसा आनंदाचा होता.

डेंटिस्टने विचारलं, "वाँट टु ड्राइव्ह हर?"

मी म्हटलं, तुम्हीच चालवा, मला शेजारी बसून इंजिनचा आवाज ऐकायचाय. त्याला मी मोठा दर्दी वाटलो. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. गाडी हाताने गिअर टाकायची आहे आणि मला तशी चालवता येत नाही. पुण्यात मी स्कूटर चालवली. ड्रायव्हिंग शिकलो ते अमेरिकेत, ऑटोमॅटिकवर. तेव्हापासून डाव्या पायाला काही कामच नाही. पण व्हिडिओ बघून आठवड्याभरात जमेल. लोक काय काय शिकतात.

घरी येऊन शुभाला फोटो दाखवला. वाटलं होतं, वय काय, करतो काय, असं काहीतरी ऐकावं लागेल. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "रिव्हर्स कुठे पडतो?"

बायकांना कशाचं काय सुचेल! मला माहीत नव्हतं. ती "बरं" म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला लागली.

ही गाडी मी दोघांसाठी घेतली आहे, हेही लिहून ठेवतो. मुलगी अनिका बॉस्टनला गेली, जूनमध्ये शुभाची माँटेसरीतली नोकरी संपली, आणि घरातलं बोलणं दूध आणलं का आणि गोळी घेतली का यावर आलं. सव्वीस वर्षं या कॅरी गावात राहून आम्ही दोघं उगाच म्हणून कुठे गेलेलो नाही. दसऱ्याला शुभाला शेजारी बसवून या गाडीतून जॉर्डन लेकला न्यायचं. ते जमलं नाही, तर गाडी घेतली काय आणि न घेतली काय.

९ ऑगस्ट, शनिवार

गाडी ट्रकवर चढून आली. पूजेला सत्यजित आणि पद्मिनी आले. नागपूरचे, आमच्या मंडळातले, आणि आमच्या घरचा कुठलाही फजितवडा न चुकवणारे.

स्वस्तिक मीच काढलं. शुभा म्हणत होती, "कुंकवाचं बोट लाव छोटंसं, बास." पण एवढी हौसेची गाडी! मी हळद तेलात कालवली, चांगली घट्ट, आणि बॉनेटवर ताटाएवढं स्वस्तिक काढलं. फार सुंदर दिसलं.

मग चार चाकांखाली चार लिंबं. आता गाडी फूटभर पुढे घ्यायची, एवढंच काम. मी क्लच सोडला. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. लिंबं जागच्या जागी. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. चौथ्यांदा पद्मिनी म्हणाली, "भाऊजी, लिंबांना भीती वाटून राहिली आहे हो."

शेवटी सत्यजितने आणि तिने मागून ढकलली. गाडी इतकी हलकी की दोघांच्या ढकलण्याने चारी लिंबं चिरडली. सत्यजित हात झटकत म्हणाला, "यार, पेट्रोल तरी कशाला भरतोस? आम्हालाच बोलावत जा."

शुभा हसली नाही. ती गाडीपासून थोडी लांब उभी होती आणि माझ्या डाव्या पायाकडे बघत होती.

१० ऑगस्ट, रविवार

स्वस्तिक जात नाही.

साबणाने धुतलं, लिंबू लावलं, बेकिंग सोडा लावला. कुंकवाचा टिळा लगेच गेला, हळद मात्र फायबरग्लासमध्ये मुरली आहे. पिवळंजर्द, ताटाएवढं, लांबून वाचता येईल असं. आणि आपण अमेरिकेत आहोत. आपल्याला ते शुभ आहे हे मी सिग्नलवर कोणाकोणाला खाली उतरून समजावणार?

शेजारचा डेल कुत्रं घेऊन आला, बॉनेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मॅनी, आय नो व्हॉट इट मीन्स टु यू फोक्स," तो म्हणाला. "बट मेबी डोंट टेक इट टु द ग्रोसरी स्टोअर." मनोहर त्याला म्हणता येत नाही, पण भला माणूस आहे.

शुभा म्हणाली, "उन्हात ठेव रोज दोन-तीन तास. हळद उन्हाला टिकत नाही. टेबलक्लॉथवरचे डाग कसे जातात?"

टेबलक्लॉथ आणि फायबरग्लासवरचा गेलकोटचा थर यात फरक आहे हे तिला कसं सांगणार? मी बोटींसाठी वापरतात ते पॉलिश मागवलं. तोवर गाडी गराजमध्ये, वर सोलापुरी चादर. दिवसाउजेडी बाहेर काढायची नाही. सराव फक्त भल्या सकाळी आणि बॉनेटवर टॉवेल बांधून.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी ऑफिसच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये सराव. शुभा एसयूव्ही घेऊन मागून आली, माझी गाडी बंद पडून रस्त्यात राहिली तर असावं कोणी म्हणून. खाली उतरून थर्मास घेऊन उभी राहिली.

पहिला गिअर, उडी, बंद. पहिला गिअर, उडी, उडी, बंद. व्हिडिओतला मुलगा म्हणतो, 'जस्ट फील द बाइट पॉइंट', म्हणजे क्लच पकडतो ती जागा. मला काही फील होत नाही.

तासाभराने शुभा जवळ आली. "मागे अंड्यांचे ट्रे ठेवलेत असं समज. आणि मग क्लच सोड."

"अंडी कुठून आली मध्येच?"

"नाही, आपलं असंच."

स्वयंपाकघरात आयुष्य गेलं की अशा उपमा सुचतात. मी दुर्लक्ष केलं. चहा पिताना तिला म्हटलं, बस ना शेजारी, एक चक्कर मारू. तिने गाडीवरून एकदा हात फिरवला. "तू शीक आधी," म्हणाली, "मग बसते."

बरोबरच आहे. घाबरते बिचारी.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पॉलिशचा गुण येतोय! रोज रात्री जेवण झाल्यावर मी दहा मिनिटं लावतो, आणि पिवळा रंग दिवसागणिक फिका होतोय. बत्तीस वर्षं मी औषध कंपन्यांसाठी हेच काम करतोय, गुण औषधाने आला की आपोआप आला हे आकडेवारीवरून सांगायचं. इथे शंकेला जागाच नाही. शुभाला म्हटलं, बघ, तुझं टेबलक्लॉथ. ती म्हणाली, "हो बाई, चांगलंच दिसतंय पॉलिश."

काही बारीक तक्रारी आहेत. ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकते. सरावाला बसलो की गुडघे स्टिअरिंगला लागतात. रुळाचा स्क्रू सैल असणार. पेट्रोलही उडून जातंय, मी तर आठवड्याला दोन मैलसुद्धा चालवत नाही. डेंटिस्टला फोन केला, तो म्हणाला गळती असेल तर वास येईल. वास काही येत नाही.

आणि डेल. टपालपेटीपाशी भेटला, अंगठा वर करून म्हणाला, "सॉ युअर कार बाय द लेक ट्यूजडे! लुकिंग गुड!" मंगळवारी मी ऑफिसात होतो. ऐंशी वर्षांचा माणूस आहे, उगाच खोटं कशाला पाडायचं? थँक यू म्हटलं. त्याच्या मुलीच्या कानावर घालावं का, विचार करतोय. डोळे तपासून घ्यायला हवेत.

६ सप्टेंबर, शनिवार

मंडळाचा गणपती. सत्यजितने स्टेजवरून जाहीर केलं की मनोहरने अशी गाडी घेतली आहे जिला विसर्जनाच्या मूर्तीसारखं ढकलत न्यावं लागतं. सगळा हॉल हसला. मीही हसलो. लागलं थोडं, पण हसलो.

शुभाचं मात्र सध्या छान चाललंय. रंग उन्हाने रापलाय, नाकावर चष्म्याची पांढरी खूण उठली आहे. रोज लेकवर चालायला जाते म्हणाली. काम करताना गुणगुणते. तिच्या व्हिटॅमिन डीचा रिपोर्ट आला, गेल्या पंधरा वर्षांत पहिल्यांदा नॉर्मल! डॉक्टरही चकित. मी म्हटलं, गोळ्यांचा ब्रँड मीच बदलला होता.

"हो ना," ती म्हणाली. "तुझ्यामुळेच."

तिने केस बांधायला रुमालही आणलाय, लाल ठिपक्यांचा. चालायला रुमाल कशाला, कोण जाणे. पण तिला शोभतो. हे तिला सांगायचं राहिलं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.

डाग जवळजवळ गेलाय, म्हणून धीर करून टॉवेल न बांधता पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर गेलो. सपाटीवर जमलं. अगदी तिसऱ्या गिअरपर्यंत. वारा तोंडावर, पाइनचा वास, मी मोठ्याने ओरडलो आनंदाने. मग चढावरचा सिग्नल लाल झाला.

हिरवा झाल्यावर बंद पडली. सुरू केली, बंद पडली. तिसऱ्यांदा ब्रेक सोडला आणि गाडी मागे जायला लागली. मागच्या व्हॅनमध्ये एक बाई आणि कार सीटमध्ये बसलेलं बाळ. आरशात बाळाचा चेहरा दिसला मला. वीतभर अंतर राहिलं असेल. बाई हॉर्नवर हात ठेवूनच बसली. मी ब्रेकवर दोन्ही पाय दाबून धरले.

कोणाला काही झालं नाही. शुभाला फोन केला. ती सत्यजितला घेऊन आली, त्याने गाडी घरी आणली. वाटेत त्याने एकही विनोद केला नाही, त्यावरून माझा चेहरा कसा असेल ते कळलं.

संध्याकाळी शुभाला सांगितलं, गाडी विकतोय. ज्या गाडीत मी स्वतःला सांभाळू शकत नाही, तिच्यात तुला काय बसवणार?

तिने पान वाढलं. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. सुटली एकदाची असं तिला वाटत असणार, पण माझ्यासमोर दाखवायचं नसेल. मोठ्या मनाची आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

जाहिरात टाकली. जवळच्या रॉली शहरातला एक माणूस ४ ऑक्टोबरला, शनिवारी, बघायला येतोय. दसरा दोन तारखेला. म्हणजे पूजा होईल आणि मग जाईल. माहेरवाशिणीसारखी.

अनिकाचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "बाबा, डिड यू आस्क आई?"

"तिला काय विचारायचं? तिला कधी नकोच होती."

"डिड शी से दॅट?"

"अगं, ती एकदासुद्धा बसली नाही गाडीत."

पलीकडून हसू दाबल्यासारखा आवाज. "बाबा. जस्ट आस्क हर. लाइक, विथ वर्ड्स."

या मुलांना वाटतं, नवरा-बायकोत सगळं विचारून चालतं.

शुभा हल्ली लेकवर जात नाही. म्हणते पाय दुखतात. लाल ठिपक्यांचा रुमाल धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलेला दिसला. घरात पुन्हा दूध आणि गोळ्या. मला फार वाईट वाटतंय, आणि ते गाडीसाठी वाटतंय की आणखी कशासाठी ते मला धड सांगता येत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सुट्टी घेतली. सकाळी शुभाने श्रीखंड केलं, मी परसातल्या रेडबडच्या झाडाची पानं तोडून आणली. इथे आपट्याच्या जागी आम्ही तीच वापरतो. दोघांनी एकमेकांना सोनं दिलं आणि गराजमध्ये गेलो.

मी चादर ओढली. बॉनेटवर डागाचा मागमूस नाही. पांढरं शुभ्र.

"पॉलिश म्हणजे पॉलिश," मी म्हटलं.

शुभाला हसू फुटलं. आधी तिने पदर तोंडावर धरला, मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. मी घाबरलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, शुभा अशी रडत नाही. काही सुचेना तेव्हा अनिका म्हणाली होती तेच केलं. विचारलं, "शुभा, ही गाडी जाऊ दे का?"

"नको."

"मग चालवणार कोण?"

तिने हात पुढे केला. मला वाटलं, हात धरायचाय. मी धरला. ती म्हणाली, "किल्ली दे."

साडी खोचून ती एका दमात आत बसली. न बघता सीटखाली हात घातला आणि सीट दोन खाचा पुढे घेतली. कुठली कळ कुठे आहे हे त्या हाताला पाठ होतं. मी उभाच. तिने गॉगल लावला, पदर कमरेला घट्ट केला आणि म्हणाली, "बस ना. की ढकलतोस मागून?"

गाडी मागे सरकली ती लोण्यातून सुरी जावी तशी. आजवर मी ती हाताने ढकलूनच गराजबाहेर काढत होतो. रिव्हर्स कुठे पडतो ते मला आज कळलं: उजवीकडे, खाली. डेल पोर्चवर होता. "मॉर्निंग, शूबा!" तो म्हणाला. मला नुसता हात केला. त्याचे डोळे उत्तम आहेत.

तो चढावरचा सिग्नल आला, आणि लालच होता. माझे दोन्ही पाय आपोआप दाबले गेले, समोर काही नसताना. हिरवा झाला. गाडी चढाला चिकटल्यासारखी उभी राहिली आणि अलगद निघाली.

"आप्पांची पोल्ट्री होती ना," शुभा वाऱ्यात ओरडून सांगत होती. "डिझेलची जीप. ड्रायव्हर पळून गेला तेव्हा मी अकरावीत. तासगावहून सांगलीला रोज अंडी मीच न्यायचे. अंडं फुटलं की आप्पा ते आमच्या ताटात वाढायचे. वर्षभर दुसरं काही खाल्लं नाही आम्ही!"

आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, पोल्ट्रीबद्दल मला माहीत होतं. अंडी सांगलीला कशी जायची, हे मनात कधी आलंच नव्हतं.

लेकपाशी थांबलो. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? मी त्या पार्किंग लॉटमध्ये बेडकासारखा उड्या मारत होतो.

ती पाण्याकडे बघत राहिली. "पहिल्यांदा म्हटलं, तुझी हौस आहे, तुला येऊ दे. मग डागासाठी म्हणून एकदा उन्हात काढली. मग वाटलं, आता काढलीच आहे तर कोपऱ्यापर्यंत जाऊ." तिने गॉगल काढून पदराने पुसला. "शाळा सुटल्यापासून दुपारी घर खायला उठतं रे. ते दोन तास फक्त माझे होते. सांगितलं असतं तर तू काळजी करत बसला असतास, नाहीतर सरावाचं वेळापत्रक केलं असतंस."

केलं असतं. मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, तो लाल ठिपक्यांचा रुमाल तुला फार छान दिसतो. ती म्हणाली, "आज सांगतोयस?" पण लाजली.

शेजारी बसायला मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं रस्त्याकडे बघण्यात गेली, आज शुभाकडे बघता आलं. कडेला एका शेतापुढे ताज्या अंड्यांची पाटी दिसली. तिने गाडी थांबवली आणि डझनभर अंडी माझ्या मांडीवर ठेवली. घरी येईपर्यंत एकाला तडा नाही.

रॉलीच्या माणसाला कळवलं, भेट कॅन्सल. पॉलिशची उरलेली बाटली सत्यजितला देतो. त्याच्या गाडीला काही फरक पडणार नाही, पण त्याला वाटेल पडला.

४ ऑक्टोबर, शनिवार

पहिली शिकवणी. तीच डझनभर अंडी पुठ्ठ्यासकट शुभाच्या मांडीवर, मी स्टिअरिंगवर, सीट दोन खाचा मागे. ऑफिसचा पार्किंग लॉट, मग मंदिरामागचा चढ. ती ओरडत नाही. नुसतं "अंडी" म्हणते आणि मी पाय आवरतो.

घरी येऊन झाकण उघडलं. बारातली तीन शाबूत.

मी खजील झालो. शुभाने रुमाल सोडला, केस मोकळे केले, साडीवरचा बलक पुसला आणि म्हणाली, "चांगलं आहे की. पहिल्या दिवशी माझं एकही वाचलं नव्हतं."

उरलेल्या नवांची बुर्जी केली. दोघांनी मिळून, गराजचं दार उघडं ठेवून, गाडीकडे बघत खाल्ली.